अनारसे का हसले? सांगलीतल्या एका घराचा फराळ आणि दहावीतली मुलगी

घर सांगलीतलं, विश्रामबागच्या बाजूचं. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतात. आई पतसंस्थेत कॅशियर आहे. सत्तरी ओलांडलेली आजी, बारावी सायन्सचा मुलगा आणि दहावीतली पंधरा वर्षांची मुलगी अशी एकूण पाच माणसं. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. प्रकरण वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात सुरू होतं आणि तुळशीच्या लग्नाला एका टप्प्यावर येऊन थांबतं.

तक्रार आईची होती. मुलगी घरात कशालाच हात लावत नाही, लावला तर बिघडवते, बोललं की दार लावून घेते, आणि या दिवाळीत तर तिने फराळाचा एक घास खाल्ला नाही. "वयच तसलं आहे" असं नातेवाइकांनी सांगून झालं होतं. पण त्या आठवड्यात स्वयंपाकघरात नेमकं काय घडलं हे क्रमाने मांडल्यावर वयाचा वाटा थोडाच निघाला. बाकीचं सगळं गूळ, वाटी, घड्याळ आणि जिभा यांनी केलेलं होतं.

करंजीची सकाळ

फराळाचा बेत मोठा होता. दोन किलो भाजणीच्या चकल्या, दोन किलो पातळ पोह्यांचा चिवडा, साठेक करंज्या, तेवढेच अनारसे, बेसनाचे आणि रव्याचे लाडू, शंकरपाळी, शेव. यातलं निम्मं वाटण्यात जातं: शेजारी, अडतीवरचे हमाल, धुण्याभांड्याच्या मावशी आणि पुण्याच्या काकांचा डबा. आई दहाला कामावर जाते, म्हणून तळण पहाटे. साडेपाचला मुलीला हलवून उठवलं गेलं. आदल्या रात्री ती बाराला झोपली होती.

झोपेचा हिशेब घरात कुणी केला नव्हता. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात मोठ्या माणसांपेक्षा उशिरा तयार होऊ लागतं. त्यामुळे रात्री अकराच्या आत डोळा लागत नाही आणि पहाटे हात-डोकं जागं होत नाही. याला आळस म्हणणं सोपं आहे. पण साडेपाच तासांच्या झोपेवर करंजीची कड बंद करायला बसवलं तर मोठं माणूसही चुकतं.

करंजीत नाजूक काम तेच आहे. पारी लाटणं सोपं, तळणं सवयीचं. दोन वाट्या मैद्याला अर्धी वाटी बारीक रवा, कडकडीत तुपाचं मोहन, दुधात घट्ट मळून पाऊण तास झाकलेलं पीठ. इथवर सगळं ठीक होतं. सारण भरताना मात्र चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. चार इंची पारीला सारण दीड चमचाच, आणि कडेला करंगळीएवढी जागा मोकळी. त्या कडेवर खोबऱ्याचा कीस किंवा साखर सांडलेली चालत नाही, कारण पारीच्या दोन कडांमध्ये कण आला की तिथे पीठ पिठाला चिकटत नाही. कडेवरून दुधाचं बोट फिरवायचं. मिटताना सारणाच्या बाजूने कडेकडे दाबत आतली हवा बाहेर काढायची, नाहीतर तुपात ती हवा फुगते आणि करंजी फुटते. कातणं फिरवणं ही शेवटची पायरी. कातण्याने कड दिसायला सुंदर होते, बंद होते ती बोटांच्या दाबाने. शिवाय भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवायच्या, कारण पंख्याखाली पाच मिनिटांत पारी सुकते आणि चिकटलेली कडही उकलते.

मुलीला यातलं एवढंच सांगितलं गेलं होतं: "भर आणि कात." तिने सारण भरपूर भरलं (भरपूर भरणं चांगलं, असंच कुणीही समजेल), कातणं फिरवलं आणि करंज्या ताटात उघड्या ठेवल्या. पहिल्या घाण्यात तीन उकलल्या. सारण तुपात सांडलं, जळलं, तुपात काळे कण फिरायला लागले आणि पुढच्या करंज्यांना चिकटले. तूप गाळून घेईपर्यंत सव्वासात वाजले. तेव्हा आई बोलली, "दे इकडं. तुझ्यानं नाही व्हायचं हे." मुलगी उठून आंघोळीला गेली.

नंतर आईने या वाक्याचं समर्थन वेळेच्या हिशेबावर केलं. दहाला काउंटर उघडतो, करंज्या चाळीस शिल्लक. ते खरंही होतं. पण तीन करंज्या फुटल्यावर मुलीच्या पदरात काय पडलं? करंजी का फुटते हे तिला कळलं नाही. आपण फोडतो, एवढं कळलं.

अनारशांचा दिवस

अनारसे हे आजीचं खातं. घरात दुसरं कुणी त्याला हात घालत नाही. आजीचं माप वाटीचं: आठ वाट्या पीठ, सहा वाट्या गूळ. या वर्षी आजीचा अंगठा दुखत होता, म्हणून गूळ बारीक करायचं काम नातीकडे आलं. तिने तो किसणीवर चांगला बारीक करून दिला, वाट्या मोजून दिल्या. पीठ मळून डब्यात ठेवलं ते सहा दिवस. सातव्या दिवशी संध्याकाळी कढई चढली.

पहिला अनारसा तुपात पडला, पसरला, कडेने विरघळला आणि झाऱ्यावर नुसता भुगा आला. दुसरा तसाच. तिसऱ्याला आच वाढवली तर तो वरून काळा झाला आणि आत तसाच विस्कटला. अनारसा तुपात असा विरघळून विस्कटला की तो हसला म्हणतात. सगळंच्या सगळं पीठ हसत होतं.

मुलीला त्याच दिवशी सकाळी पाळी आली होती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. आजी कढईकडे बघतच म्हणाली, "घरात बाजूला बसायचं पाळत नाही कोणी, मग असंच व्हायचं." आई गप्प राहिली. वडील पेपरातून म्हणाले, "जाऊ दे की, सणासुदीचं कशाला." भाऊ खोलीत अभ्यासाला होता. मुलगी एवढंच म्हणाली, "मी हात तरी लावला का आज?" आणि गेली. भाऊबीज झाली तरी तिने फराळाच्या ताटाकडे पाहिलं नाही.

तिचा प्रश्न बिनतोड होता. विटाळ मानणाऱ्याच्या हिशेबानेसुद्धा तारीख जुळत नव्हती, कारण पीठ मळलं गेलं तेव्हा पाळी आलेली नव्हती आणि आली त्या दिवशी तिने डब्याला बोट लावलं नव्हतं. पाळीचा पिठाशी कसलाच संबंध नसतो हे तर वेगळंच. पण अशा वेळी तारखा कोण जुळवतो? पदार्थ फसला की घराला तयार उत्तर हवं असतं, आणि उंबऱ्यात उभी असलेली मुलगी हे सगळ्यात जवळचं उत्तर.

आईच्या बोलण्यात पुढे वारंवार आलं ते आजीचं वाक्य नव्हतं, स्वतःचं गप्प राहणं होतं. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तीही अशीच बाजूला बसली होती, आणि तेव्हाही कुणी बोललं नव्हतं. मुलीच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही हे तिने कधीच ठरवलं होतं. ठरवलेलं कढईसमोर आठवलं नाही.

पीठ हसतं ते कशाने

तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नाही. अनारसा तुपात एकसंध राहतो तो भिजलेल्या तांदळाच्या पिठातल्या स्टार्चच्या जोरावर. गूळ त्यात गोडीपुरता नसतो. तोच ओलावा देतो, तोच चिकटवतो आणि गरम तुपात तोच आधी वितळतो. वितळणाऱ्या गुळामुळे अनारशाला जाळी पडते. पण गूळ इतका झाला की त्याला धरून ठेवायला पीठ पुरत नाही, तर जाळीऐवजी सगळं अंगच सुटतं. म्हणजे हसण्याची कारणं फार नाहीत: गूळ जास्त, ओलावा जास्त, तूप पुरेसं तापलेलं नाही, किंवा तांदूळ नवा आणि चिकट. अनारशाला जुना, सुटा शिजणारा तांदूळ लागतो. इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ भाताला कितीही गोड लागला तरी इथे नको.

तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. न बदललं तर उग्र वास येतो आणि तो तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी रोळीत निथळून सुती कापडावर सावलीत पसरायचा. किती वेळ, हे घड्याळावर ठरत नाही. तळहातावर दाणे घेऊन हात उलटा करावा. दाणे चिकटून राहिले तर ओले आहेत, सगळे सुटून पडले आणि तळवा फक्त दमट लागला तर झाले. पार खडखडीत वाळू दिले तर पीठ गुळात मिळून येत नाही. मग वाटून, बारीक चाळणीने चाळून, लगेच गुळात मळायचं. वजनाने पाहिलं तर पिठाच्या पाऊणपट गुळापासून जेमतेम बरोबरीपर्यंत चालतं. त्यापुढे धोका.

त्या वर्षी सांगलीत परतीचा पाऊस रेंगाळला होता. तासगावकडे द्राक्षांच्या छाटण्या झालेल्या आणि वरून पाऊस, म्हणून बागायतदार हवालदिल होते. तीच हवा या घरातही होती. तांदूळ नेहमीइतकाच, दोन तास पसरला, पण दमट हवेत तो तेवढा सुकला नव्हता. पावसाळाभर डब्यात राहिलेला गूळही ओल धरतो. एवढ्याने पीठ सैल झालं असतं, पण सगळे अनारसे विरघळले नसते. मुख्य कारण दुसरं होतं.

वाटी आणि वजनकाटा

भाऊबीजेनंतर घर मोकळं झालं तेव्हा आईने मुलीला माफी मागायला लावली नाही आणि आजीलाही काही विचारलं नाही. तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर ठेवला, अनारशाच्या पिठाचा डबा शेजारी ठेवला आणि मुलीला म्हणाली, "हे पीठ दोन किलोच्या आसपास आहे. टाकायचं की वाचवायचं, तू बघ. मला काही सुचत नाहीये." शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. या वयाच्या मुलांना खोटी मदत मागितलेली ताबडतोब कळते.

मुलगी पहिल्या दिवशी काट्याकडे फिरकली नाही. दुसऱ्या दुपारी, घरात आजी झोपलेली आणि आई कामावर असताना, तिने सगळं मोजलं. आजीची वाटी दोनशे मिलीची. चाळलेलं ओलसर पीठ वाटीत सहज भरलं तर साधारण १०५ ग्रॅम. आजीच्या पद्धतीने विळीवर चिरलेला गूळ त्याच वाटीत सैल भरला तर १२५. तिने स्वतः किसला होता तसा, किसून आणि वाटी नीट भरावी म्हणून बोटांनी दाबून भरला तर १७५.

वाटी तीच, मोजणीही तीच. एका वाटीमागे ५० ग्रॅम गूळ जास्त गेला होता.

हिशेब तिने वहीच्या मागच्या पानावर मांडला. आठ वाट्या पीठ म्हणजे ८४० ग्रॅम. आजीच्या हातचा सहा वाट्या गूळ ७५०, म्हणजे पिठाच्या नव्वद टक्के, अगदी कडेवर बसणारं पण जमणारं प्रमाण. तिच्या हातचा सहा वाट्या गूळ १०५०, म्हणजे पिठाच्या सव्वापट. त्यात दमट तांदूळ. दुसरं काय होणार होतं?

खापर ज्या कारणाने फुटलं ते खोटं निघालं, पण चूक तिच्याच हातून गेली होती आणि ती तिनेच शोधली. आईला भीती होती की हे कळल्यावर मुलगी आणखी मिटेल. तसं झालं नाही. फसण्याला वजन असतं, ते काट्यावर दिसतं आणि त्यात भर घालून दुरुस्त होतं, हे कळल्यावर तिचा चेहराच बदलला असं आई सांगते. "तुझ्यानं नाही व्हायचं" याला दुरुस्ती नसते, ३०० ग्रॅमला असते.

चूक तिची म्हणायची तर तेवढीच आजीचीही होती. आजीने पन्नास वर्षं गूळ चिरला, किसला कधीच नाही. "सहा वाट्या" या मापात विळी, सैल भरणं, न दाबणं हे सगळं गृहीत धरलेलं होतं. ते तिच्या हाताला माहीत होतं, तोंडाने सांगावं असं कधी वाटलंच नाही. नातीने किसणी घेतली तेव्हा समोर बसलेल्या आजीलाही ते खटकलं नाही, उलट काम सुबक झालं म्हणून बरंच वाटलं.

दुरुस्ती

गूळ १०५० ग्रॅम पिठात गेलेलाच आहे, तो काढता येत नाही. प्रमाण नव्वद टक्क्यांवर आणायचं तर पीठ ११६५ च्या आसपास हवं, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम, वाटीने तीन वाट्या भर. ही भर कोरड्या तांदळाच्या पिठाची घालू नये. दुकानातली पिठी घातली तर अनारसा एकसंध राहतो पण खडबडीत आणि कडक होतो, कारण तो दाणा भिजून मऊ झालेला नसतो. म्हणून पुन्हा तांदूळ तीन दिवस भिजला, रोज पाणी बदललं, या वेळी पंख्याखाली तळहाताची परीक्षा घेत सुकवला. तीन वाट्या मोजून जुन्या पिठात मळल्या. लगेच तळायचं नाही. नव्या पिठाने गुळाची ओल ओढून घ्यायला दोन दिवस तरी द्यावे लागतात. डबा मोठा घ्यावा, झाकण घट्ट लावावं. असं पीठ महिनाभर सहज टिकतं, त्यामुळे घाई नव्हतीच.

तळण्याआधी चाचणीचा एक. सुपारीपेक्षा मोठी गोळी, खसखशीवर थापून, तुपात खसखस वरच्या बाजूला. तूप इतपत तापलेलं की पिठाचा कण तळाशी जाऊन सावकाश वर येईल. झट्कन आला तर आच जास्त, तळाशीच बसला तर कमी. अनारसा उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. काढला की चाळणीत उभा करायचा, म्हणजे जाळीतलं तूप निथळतं. आडवा ठेवला तर तेच तूप गोठून दुसऱ्या दिवशी पांढरं दिसतं. चाचणीचा विरघळला तर आणखी अर्धी वाटी पीठ आणि एक दिवस. उलट, पीठ कोरडं पडून थापताना चिरत असेल तर चमचाभर दूध किंवा बोटभर पिकलं केळं मळून घ्यायचं. केळं बेतानेच, फार झालं की तेही हसवतं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी चाचणीचा अनारसा अखंड आला. ऐंशीच्या वर झाले.

आजीशी बोलणं

हे अवघड होतं, आणि आईने ते ज्या क्रमाने केलं त्यात शहाणपण होतं. विटाळ खरा की खोटा या वादात ती शिरलीच नाही. त्या वादात सत्तरीतली सासू हरत नाही, फक्त दुखावते, आणि मग त्याची वसुली नातीकडून होते. दुपारी दोघीच असताना आईने विचारलं, "अहो आई, तुम्ही गूळ किसता की चिरता?" आजी म्हणाली, "चिरतेच की. किसतंय कोण?" मग वहीचं पान पुढे आलं. आजीने आकडे वाचले नाहीत, पण दोन वाट्या काट्यावर ठेवून दाखवल्यावर ती बराच वेळ काट्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "दाबून भरलं होय पोरीनं."

आईने एक मागणी मात्र स्पष्ट केली. पाळीवरून मुलीला यापुढे कुणासमोर काही बोलायचं नाही, आणि स्वयंपाकघरात तिला मज्जाव नाही. देवघराचं काय, हे तिने त्या दिवशी सोडून दिलं. आजी "बरं" म्हणाली नाही, "नाही"ही म्हणाली नाही. तुळशीच्या लग्नाला नातीच्या हातचे अनारसे तिने वेगळ्या ताटात काढले नाहीत. आजीकडून एवढं आलं, आणि आम्हाला ते कमी वाटत नाही.

मुलीशी आईने स्वतः बोलायला हवं होतं ते वेगळं. "आजी जुन्या वळणाची आहे, मनावर घेऊ नको" हे वाक्य आपल्याकडे ठेवणीतलं असतं. ते टाळावं, कारण त्यात मुलीलाच समजूतदार व्हायला सांगितलेलं असतं. आई म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही." मुलीने "हं" केलं. संभाषण संपलं. पंधरा वर्षांच्या मुलीकडून अशा वेळी यापेक्षा जास्त उत्तर मिळत नाही आणि मागूही नये.

भावाचा चिवडा

मुलीची एक तक्रार उरली होती आणि ती रास्त होती. दादाचं बारावीचं वर्ष म्हणून त्याला काहीच नाही, मग दहावीला काय बोर्ड नसतं? वडिलांनी "मुलगा आहे, त्याला काय जमणार" म्हणून पाहिलं. तुळशीच्या लग्नासाठी एक किलोचा चिवडा मुलाकडे आला. पोहे निवडण्यापासून डबा भरेपर्यंत सगळा.

एक किलो पातळ पोहे, २०० ग्रॅम शेंगदाणे, दीडशे डाळवं, दीडशे सुक्या खोबऱ्याचे काप, वाटीभर तेल, वीसेक मिरच्या, मूठभर कढीपत्ता, हळद, हिंग, मीठ, पिठीसाखर. पोहे आधी मंद आचेवर थोडे थोडे करून भाजायचे. आच मोठी झाली की आकसतात, भाजणं कमी पडलं की दोन दिवसांत चामट होतात. मिरची आणि कढीपत्ता तेलात कडकडीत होईपर्यंत थांबायचं, त्यांच्यात राहिलेली ओल सगळा डबा मऊ पाडते. मीठ-साखर एकत्र बारीक करून पोहे कोमट असताना घालायची, नाहीतर ती तळाशी जाऊन बसते आणि शेवटची वाटी खारट लागते. त्याने मिरची अर्धी कच्ची काढली आणि चिवडा चौथ्या दिवशी मऊ पडला. त्यावर बहीण बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण परत मंद आचेवर भाजून घ्यायचा, हे तिनेच त्याला सांगितलं.

न खाण्याबद्दल

भाऊबीजेला आत्या म्हणाली होती, "दहावीचं टेन्शन काही अंगावर दिसत नाही हो." न खाण्याला अनारशांइतकंच हेही कारण होतं, हे आईला उशिरा कळलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था (आयसीएमआर-एनआयएन) यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण २४०० कॅलरी आणि ३० मिलिग्रॅम लोह लागतं. बेसनाचा एक लाडू दोनशेच्या आसपास कॅलरी देतो, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. उलट २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. जेवण टाळणं आठवडाभराच्या पुढे गेलं, मुलगी जेवून उलटी काढत असेल किंवा पाळी दोन-तीन महिने चुकली, तर डॉक्टरकडे न्यावं. इथे तसं काही नव्हतं. पाहुण्यांनी मुलीच्या अंगावर बोलायचं नाही, हे मात्र आता वडिलांच्या गळ्यात घातलं आहे. बहीण त्यांची आहे.

दुसऱ्या घरांसाठी

हे सगळं जुळून यायला काही गोष्टी या घरात होत्या: भर घालून वाचणारं पीठ, काट्यापुढे गप्प बसलेली आजी, कामाच्या वेळा थोड्या सरकवू शकणारी आई. प्रत्येक घरात त्या नसतील. पीठ आधीच फेकून दिलं असेल तर मुलीला नव्याने पाव किलोचं पीठ करू द्यावं, सोबत काटा द्यावा. सणाच्या चार दिवस आधी नको, सण उरकल्यावर. तळण तिच्याकडे द्यायचं तर कढई निम्मीच भरलेली, ओढणी बांधलेली, आणि पहिले दोन-तीन घाणे मोठं माणूस शेजारी. पहाटेऐवजी शनिवारी संध्याकाळी तळलं तर निम्मी चिडचिड वाचते.

एक पदार्थ संपूर्ण सोपवावा आणि मध्ये हात घालू नये. सांगताना कृतीसोबत कारण सांगावं: कड मोकळी ठेव, कारण कण अडकला की ती सुटते. गूळ चिर, किसू नको, कारण वाटीत जास्त बसतो. कारण माहीत नसेल तर तसंही सांगून टाकावं आणि दोघींनी मिळून मोजावं. आजी काट्याला मानणारी नसेल, पाळीवरून बोलतच राहणार असेल, तर आईने त्याच क्षणी, तिथेच, सगळ्यांसमोर एक वाक्य बोलावं: "पिठात गूळ जास्त झालाय, पोरीचा काही संबंध नाही." नेमकं कारण नंतर शोधता येतं, ते गुळाऐवजी तूप निघालं तरी हरकत नाही.

या घरात पुढच्या दिवाळीसाठी अनारशाचं माप ग्रॅममध्ये उतरवून झालं आहे: ८४० पीठ, ७२० गूळ. ७५० ऐवजी ७२० हा बदल मुलीचा, दमट हवेची सवड म्हणून. आजीला तो मान्य नाही. तिच्या मते अनारसे कमी गोड होतील, आणि यावर दोघींचं अजून भांडण चालू आहे.